उतारावरची गाडी व तिचा अटकाव

नागपूर-रायपूर ही जुनी सडक साकोली, कोहमारा, देवरी या मार्गाने जाते. १८८० च्या दशकात आगगाडी येण्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य याच वाटेने बैलगाड्यांतून येई. चढापेक्षा उतार अवघड. भरल्या गाडीचा सारा लोट जुवातून बैलांच्या मानेवर येतो. चाक दोराने जखडावे, तर ते घसटत जाऊन लोखंडी धाव एकाच जागी झिजते. त्यापेक्षा आडवे लाकूड दोराने आवळून दोन्ही धावांवर दाबणे श्रेयस्कर. चाक फिरते राहते. झिजते ते लाकूड, आणि ते गावचा सुतार सहज बदलतो. युरोपातील घोडागाड्यांनाही असेच लाकडी ठोकळे असत. अल्प खर्चात मुक्या जिवाची मान वाचविणारे हे शहाणपण आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावे.