कुरणावरची शाळा

बालवाडीतले एखादे मूल दोन दिवस आले नाही, की आपण त्याच्या आईला निरोप धाडतो. मुलाने शाळेत यावे, हे आपण धरूनच चालतो. शाळेनेच मुलाकडे जावे, असे ज्या दोघींना सुचले, त्यांची हकीकत आपल्या स्मरणिकेत असावी असे मला वाटते.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९३६ साली दादरला शिशुविहार काढले. काम नावाजले गेले. पण माँटेसोरी पद्धतीची ती सुबक लाकडी साधने खेड्यातल्या शाळेस परवडणार कशी? वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी (तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य! त्या अनुताईंनी पुढचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांत घालविले.

बोर्डीस बालवाडी निघाली, तरी हरिजनवाड्यातील मुले येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या. अंगण झाडायचे, मुलांना न्हाऊमाखू घालायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. साधनेही भोवतालचीच : शंखशिंपले, बिया, खडे, पाने, फुले, माती. चिंचोक्यांनी खेळत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायचे नाही. पण शाळेत त्यांना मानाचे स्थान मिळाले, हे नवे होते.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. इथे अंगणवाडीही पुरी पडेना, कारण मूल अंगणातसुद्धा नसे. मुलगा सकाळीच गुरे घेऊन रानात जाई. मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घर राखी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली. धाकटे पाळणाघरात राहिले, की थोरलीला वर्गात बसता येई. या योजनेचे नाव विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी निघाली कुरणशाळा! साहित्य घेऊन शिक्षकांनी कुरणावर जायचे आणि गुरे चरत असतील तोवर तिथेच शिकवायचे.

झाडापाखरांची, पावसाच्या चाहुलीची जाण त्या मुलांना आपल्या मुलांहून कितीतरी अधिक. त्यांना पुस्तकातला निसर्गपाठ काय सांगायचा? त्यांना जे येते तिथूनच अक्षराकडे आणि आकड्याकडे वाट काढायची, हीच यातली मेख.

एक गोष्ट मात्र मला फार दिवस खटके. कुरणशाळेने मुलाच्या हातातली काठी काही काढून घेतली नाही. गुरे राखणे चालूच राहिले. मग मूल राबतेच ना, असे कोणीही विचारील. पण पोराच्या कष्टांवर ज्या घरची चूल टेकलेली असते, तिथे ‘आधी काम सोड, मग शिकवीन’ म्हणणे म्हणजे न शिकविण्याचीच सबब. ताराबाई-अनुताईंनी ती सबब सांगितली नाही, एवढे मात्र खरे.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाईंच्या मागे अनुताईंनी काम चालविले. १९९२ साली त्यांनी कोसबाडलाच डोळे मिटले.

परवा आपल्या भागातल्या अंगणवाडीत डोकावले. खोली नीटनेटकी, भिंतीवर झाडांची चित्रे. दार तेवढे लावलेले. “बाहेर गाड्या फार हो ताई, मुले पळतात,” सेविकाबाई म्हणाल्या. त्यांचेही खोटे नाही. शेजारच्या आवारात चिंचेचे झाड आहे. तिथले ओंजळभर चिंचोके वेचून त्यांच्याकडे दिले आणि निघाले.