परक्या याद्यांतील नोंदी आपल्या सूचींत घेण्याविषयीं

हातकणंगले परिसरांतील घरोघरच्या पोथ्यांची एकत्र सूची करावयाची, तर पूर्वीं झालेल्या याद्यांतील नोंदी आधीं उतरून घेणें प्राप्त आहे. हा उद्योग नवा नव्हे. थिओडोर आउफ्रेख्ट यांचा 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' (१८९१, १८९६, १९०३) बव्हंशीं इतरांच्या सूचींवरूनच सिद्ध झाला. मात्र नोंदीपुढें मूळ सूचीचा संक्षेप त्यांनीं दिला. मद्रास विद्यापीठानें १९३५ सालीं हातीं घेतलेल्या नव्या सूचींतही हाच क्रम आहे. हा संक्षेप गाळला, कीं मालक बदललेली एकच पोथी दोन ठरते, आणि नष्ट झालेलीही जिवंत राहते!

खरा घोंटाळा काळाचा. एका यादींत विक्रम संवत्, दुसरींत शक. दोन्ही आंकडे एकाच रकान्यांत पडले, कीं १३५ वर्षांचें अंतर नाहींसें होतें. चैत्रादि संवत् १८०७ म्हणजे शके १६७२. सबब कालगणनेचें नांव निराळ्या रकान्यांत लिहावें. ग्रंथनामांचेंही तसेंच, 'माधवनिदान' व 'रुग्विनिश्चय' हा एकच ग्रंथ. प्रमाणनाम शेजारीं द्यावें, मूळ नांव पुसूं नये.

मूळ यादीची सुधारलेली प्रत आली, कीं पुनः मेळ घालावा; पण पोथी प्रत्यक्ष पाहून आपण केलेली दुरुस्ती तिच्याखालीं झांकली जाऊं देऊं नये.