नो मॅन्स लँड

अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा आत दुमडा. मधोमध दोरीसारखी काहीतरी वर येते ना? (काहींना नसतेच, घाबरू नका!) ती शीर नव्हे, पामारिस लाँगसची कंडरा. काढली तरी हाताचं फारसं अडत नाही. चक्क स्पेअर पार्ट.

हा पार्ट लागायचा बोट कापलेल्यांना. तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून सरकतात. तिथे शिवलं की व्रण नळीला चिकटणार, बोट कायमचं आखडणार. स्टर्लिंग बनेल (आडनाव आहे हो, विशेषण नव्हे) या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' म्हणत. आधी फक्त कातडी शिवा, नंतर दुसरीकडची कंडरा बसवा, असा त्यांचा नियम. १९४४ चं त्यांचं पुस्तक आणि महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी केलेलं काम, यामुळे शब्द प्रमाण!

१९६७ मध्ये लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी तिथेच लगेच शिवलेल्या बोटांचे चांगले निकाल मांडले, तेव्हा अनेकांना ते पटेनात. युक्ती टाक्यांइतकीच रबरबँडमध्ये होती. नखाला अडकवलेला रबर बोट आत ओढतो, रुग्ण ते स्वतः सरळ करतो, आणि टाक्यांवर फार ताण न येता कंडरा सरकत राहते.

तरी काही बोटं चिकटतातच. मग काही महिन्यांनी ती सोडवायला पुन्हा ऑपरेशन, आणि लगेच, दुखत असतानाच, बोट हलवायला सुरुवात.