विद्युत रेंज : जोडणी आणि वापर

विद्युत रेंज : वर चार-पाच शेगड्या आणि खाली ओव्हन असे एकाच सांगाड्यात बसवलेले, विजेवर चालणारे स्वयंपाकाचे उपकरण. अमेरिका आणि कॅनडातील घरांत ते सर्रास दिसते. त्याची रुंदी बहुधा ३० इंच (७६ सेंमी.) असते, लहान अपार्टमेंटांत २४ इंच. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबाला भाड्याच्या पहिल्या घरात अनेकदा हीच रेंज भेटते आणि गॅसवर घडलेला हात तिथे चुकतो. गॅसची ज्योत दिसते आणि बारीक केली की आच लगेच उतरते. विद्युत रेंजची उष्णता धातूत आणि काचेत साठून राहते, बटण बंद झाल्यावरही ती भाजते. तिची खरी सुरक्षितता मात्र पहिले भांडे चढण्याआधीच, भिंतीमागच्या तारांत आणि मागच्या पायाशी असलेल्या एका लोखंडी पट्टीत ठरलेली असते.

विजेवर स्वयंपाक करण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाले. कॅनडात ओटावा येथे टॉमस अहर्न यांनी १८९२ मध्ये एका हॉटेलात संपूर्ण जेवण विजेच्या ओव्हनवर करवून वाढले. पण तापणारी तार लवकर जळून जाई. अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले आणि ही अडचण दूर झाली. पुढे ही तार धातूच्या नळीत घालून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरू लागले. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. आजची वेटोळी कॉइल याच तत्त्वावर चालते. काच-सिरॅमिकचा सपाट पृष्ठभाग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याखाली तापणाऱ्या तारा असतात, किंवा इंडक्शन प्रकारात चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे वेटोळे. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापतो, काच फक्त भांड्याच्या स्पर्शाने गरम होते.

कॉइल आणि साध्या काचेच्या रेंजमध्ये नॉब मध्यावर ठेवल्याने वीज निम्मी होत नाही. शेगडी काही सेकंद पूर्ण ताकदीने तापते, काही सेकंद बंद राहते, पुन्हा तापते. मंद आचेवरही तळ मधूनमधून कडक तापतो तो यामुळे. पातळ बुडाच्या पातेल्यात खीर लागते, जाड बुडाच्या पातेल्यात लागत नाही.

वीजपुरवठा व अर्थिंग : अमेरिकी घरात रोहित्रातून दोन लाइव्ह तारा आणि मधला न्यूट्रल येतो. प्रत्येक लाइव्ह तार व न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट असतात, दोन लाइव्ह तारांमध्ये २४०. शेगड्या आणि ओव्हन २४० व्होल्टवर तापतात. ओव्हनमधला दिवा आणि घड्याळ यांना बहुधा १२० व्होल्ट लागतात, म्हणून रेंजला न्यूट्रलही हवा असतो. तिच्यासाठी ब्रेकरपासून स्वतंत्र वायर ओढतात आणि त्या वायरवर दुसरे काहीही जोडत नाहीत. तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार पावणेनऊ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या रेंजला किमान ४० अँपिअरचे सर्किट लागते. तांब्याची वायर ४० अँपिअरला ८ गेजची आणि ५० ला ६ गेजची घालतात. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. मोठ्या इमारतींत थ्री-फेज पुरवठ्यातून २०८ व्होल्टच मिळतात. तिथे तीच शेगडी तीन-चतुर्थांश ताकदीने तापते आणि पाणी उकळायला वेळ लागतो. तो रेंजचा दोष नव्हे.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते अर्थिंगकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवण्यासाठी रेंजला वेगळी अर्थची तार न देता तिचा सांगाडा न्यूट्रललाच जोडायला परवानगी मिळाली. ही सवलत युद्ध संपल्यावरही अर्धे शतक टिकली. तिच्यातला धोका असा : न्यूट्रलची तार ढिली झाली किंवा तुटली, तर १२० व्होल्टचा दाब दिव्यातून किंवा घड्याळातून येऊन थेट सांगाड्यावर उभा राहतो. अशा वेळी एक हात रेंजवर आणि दुसरा सिंकच्या नळावर असला, तर प्रवाह छातीतून जातो. ब्रेकर पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नसते. १९९६ च्या संहितेने नव्या सर्किटांसाठी ही सवलत काढून घेतली आणि दोन लाइव्ह, न्यूट्रल व अर्थ अशा चार तारा सक्तीच्या केल्या. जुनी तीन तारांची सर्किटे मात्र चालू ठेवायला मुभा राहिली आणि ती आजही असंख्य घरांत आहेत. मुभा आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असे समजू नये. स्वयंपाकघराचे काम निघालेच, तर चौथी तार ओढून घेण्याचा खर्च सत्कारणी लागतो.

भिंतीत तीन पिनांचे सॉकेट निघेल की चार पिनांचे, हे आधी सांगता येत नसल्याने अमेरिकेत नवी रेंज बहुधा कॉर्डशिवायच विकतात. कॉर्ड सॉकेट पाहून वेगळी घ्यावी लागते आणि नेमकी इथेच चूक होते. रेंजच्या मागच्या जोडपट्टीवर न्यूट्रल आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची एक लहान पट्टी कारखान्यातूनच बसवून येते. चार तारांची कॉर्ड लावताना ही पट्टी काढलीच पाहिजे, नाहीतर न्यूट्रलचा प्रवाह सांगाड्यातून आणि अर्थच्या तारेतूनही वाहू लागतो. तीन तारांची कॉर्ड लावताना ती ठेवलीच पाहिजे, नाहीतर सांगाड्याला अर्थ मिळतच नाही आणि आतली एखादी लाइव्ह तार पत्र्याला टेकली तरी ब्रेकर पडत नाही. दोन्ही चुकांत रेंज व्यवस्थित चालते, शेगड्या तापतात, केक फुगतो. म्हणून दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

जोडपट्टीवर काळी आणि लाल तार दोन कडांना, पांढरी मध्ये आणि हिरवी सांगाड्याच्या स्क्रूला, असा क्रम असतो. स्क्रू घट्ट आवळावेत. ढिल्या जोडावर उष्णता साचते आणि जोडपट्टी वितळते. कॉर्ड जिथून आत शिरते तिथे पत्र्याची धारदार कड असते, म्हणून तिथली पकडपट्टी न चुकता बसवावी. हे सगळे काम ब्रेकर बंद करून आणि मीटरने तारा मृत असल्याची खात्री करूनच करायचे. एक्स्टेन्शन कॉर्ड वापरणे, प्लगची पिन कापणे, तिनाचे चार करणारा ॲडॅप्टर लावणे हे तिन्ही प्रकार वर्ज्य. सॉकेट किंवा वायर बदलायची असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवावा. २०२३ च्या संहितेने रेंजसाठी गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे संरक्षणही आवश्यक केले आहे, मात्र प्रत्येक राज्य संहितेची नवी आवृत्ती आपल्या सोयीने स्वीकारते.

उलटण्याचा धोका : ओव्हनचे दार खाली उघडते आणि उघडल्यावर रेंजच्या पुढे तरफेसारखे येते. त्यावर लहान मूल चढले किंवा भरलेली जड परात टेकवली, तर संपूर्ण रेंज पुढे कलते आणि वरचे उकळते पातेले समोरच्याच्या अंगावर येते. हे टाळायला जमिनीत किंवा भिंतीत स्क्रूने बसवायची एक पट्टी रेंजबरोबर मिळते. रेंज मागे ढकलली की तिचा मागचा पाय या पट्टीत अडकतो. अमेरिकी मानकांत १९९१ पासून ही व्यवस्था अपेक्षित आहे, तरी ती अनेक घरांत सापडत नाही. रेंज पट्टीशिवायही भक्कम उभी दिसते आणि बसवणारा माणूस घाईत असतो. खालचा खण बाहेर काढून टॉर्चने पाहिले, तर मागचा पाय पट्टीत आहे की नाही हे लगेच कळते. शेगड्या थंड असताना रेंजची मागची वरची कड धरून हलकेच पुढे ओढूनही पाहता येते, पट्टी असेल तर रेंज थोडी हलून अडते. मागचा केर काढायला रेंज बाहेर घेतली, तर परत ढकलताना पाय पुन्हा पट्टीत गेला का, ते पाहावे. घरात रांगते मूल असेल, तर ही तपासणी राहायला आल्या दिवशीच करावी आणि पट्टी नसल्यास घरमालकाकडे लेखी मागावी.

रेंज पाणसळ लावून समतल करतात, म्हणजे तेल कढईच्या एका बाजूला साचत नाही. शेगडीच्या पृष्ठभागापासून वरच्या उघड्या लाकडी कपाटापर्यंत किमान ३० इंच अंतर हवे. ओव्हन पहिल्यांदा वापरण्यापूर्वी खिडक्या उघडून रिकामाच तापवावा, कारण कारखान्यातले तेलकट लेप जळताना उग्र वास येतो.

रोजचा वापर : भांडे सपाट बुडाचे हवे. गोल बुडाची कढई कॉइलला जेमतेम टेकते, डुलते आणि तळण अंगावर येण्याची भीती राहते. २०१९ पासून अमेरिकेत बनणाऱ्या कॉइल रेंजना तेल पेटण्याआधी तापमान रोखण्याची चाचणी पार करावी लागते. त्यासाठी कॉइलच्या मध्यभागी तापमान मोजणारी गुंडी बसवतात. भांड्याचा तळ तिच्यावर नीट टेकला नाही, तर शेगडी वारंवार बंद पडते. ही गुंडी काढून टाकण्याचे उपाय सुचवले जातात, ते करू नयेत. सपाट बुडाची कढई विकत घ्यावी.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. कॉइल तापलेलीच असते आणि आणखी एखादी शिट्टी होते. कुकर अलगद उचलून थंड शेगडीवर ठेवावा. दुधाचेही तसेच. रिकामी झालेली तापलेली शेगडी काही वेळाने काळी पडते आणि थंड भासते. त्या अवस्थेत तिच्यावर प्लॅस्टिकचा डबा, रुमाल किंवा हात ठेवला जाण्याचा संभव सर्वाधिक. काचेच्या रेंजवर गरम असल्याचा लाल दिवा असतो, साध्या कॉइलला बहुधा तोही नसतो. ज्योत नाही म्हणून कपडे पेटत नाहीत, हाही भ्रम आहे. लाल झालेल्या कॉइलला साडीचा पदर किंवा ओढणी टेकली तर ती पेटते.

काचेच्या पृष्ठभागाला पाकाचे वावडे आहे. गुळाचा किंवा साखरेचा पाक उतू जाऊन काचेवर सांडला, तर तो थंड होताना काचेला घट्ट चिकटतो आणि निघताना तिचा टवका काढतो. इतर डाग काच निवल्यावर पुसतात, पाक मात्र शेगडी बंद करून, जाड हातमोजा घालून, काच गरम असतानाच पात्याने सरकवून काढावा लागतो. तिळगुळाच्या दिवशी हे खरवडायचे पाते हाताशी ठेवावे. काच तडकली असेल, तर त्या रेंजवर काहीही शिजवू नये, कारण फटीतून पाणी आतल्या विजेपर्यंत पोचते.

तेलाची आग : अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचे पहिले कारण स्वयंपाक आहे आणि विद्युत रेंज असलेल्या घरांत अशा आगींचे प्रमाण गॅसच्या घरांपेक्षा जास्त आढळले आहे. पुऱ्या-भजी तळायला तेल १७० ते १९० अंश सेल्सिअस तापलेले पुरते. ते तसेच तापत राहिले, तर आधी धुरावते आणि ३५० अंशांच्या पुढे ज्योतीशिवाय पेट घेते. गॅसवर धूर दिसताच आच बंद करून चालते. इथे शेगडी बंद केल्यावरही तेल तापत राहते, म्हणून धूर येण्याआधीच सावध व्हावे आणि तळण चालू असताना जागा सोडू नये. तेल पेटलेच तर झाकण किंवा लोखंडी तवा बाजूने सरकवून कढईवर घालावा, शेगडी बंद करावी आणि कढई पूर्ण निवेपर्यंत झाकण उचलू नये. पाणी कधीही ओतू नये. ते क्षणात वाफ होऊन शेकडो पटींनी फुगते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. पेटलेली कढई उचलून बाहेर नेणेही तितकेच घातक. आग ओव्हनच्या आत असेल, तर दार बंदच ठेवून वीज तोडावी.

मोहरी-मिरचीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, म्हणून त्याची बॅटरी काढणारी किंवा त्यावर पिशवी बांधणारी घरे आपल्या लोकांत कमी नाहीत. हे थांबले पाहिजे. तो अलार्म रात्री झोपलेल्यांना उठवण्यासाठी आहे. तो शेगडीपासून किमान १० फुटांवर असावा, फोडणीआधी पंखा लावावा आणि खिडकी उघडावी. पंख्याची हवा बाहेर न जाता जाळीतून घरातच परत येत असेल, तर खिडकीला पर्याय नाही.

ओव्हनचा वापर कढया आणि तवे ठेवायचे कपाट म्हणून करण्याची सवयही सोडावी. घरातल्या दुसऱ्या कुणी आत न बघता ओव्हन चालू केला, की प्लॅस्टिकच्या मुठी वितळतात. स्वतः साफ होणारा ओव्हन सुमारे ४८० अंशांपर्यंत तापून आतला मळ जाळतो. तेव्हा धूर होतो, नॉन-स्टिक भांडे आत राहिल्यास त्याची वाफ पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा जीव घेते. ओव्हनची तार जळताना ठिणगी तारेवरून पुढे सरकताना दिसली आणि नॉब बंद करूनही थांबली नाही, तर थेट ब्रेकर पाडावा.

भारतात परतताना अमेरिकी रेंज सोबत आणण्याचा विचार काही जण करतात. तो सोडून द्यावा. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची एकच फेज आणि न्यूट्रल येतो. रेंजच्या दिव्याला आणि घड्याळाला लागणारा १२० व्होल्टचा मधला न्यूट्रल इथे नाही. दोन फेजमध्ये तर सुमारे ४०० व्होल्ट असतात, त्यावर ती जोडली तर जळून जाईल. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर साडेतीन किलोवॉट मिळतात, रेंजला त्याहून पुष्कळ जास्त लागतात. ती तिकडेच विकून यावी.