गिटारवरील स्वरसंघ आणि गोमंतकीय वादक

पाश्चात्त्य संगीत आणि आपलें संगीत यांतील भेद सांगतांना आपण एक ठरीव वाक्य बोलतों : त्यांचें संगीत स्वरसंघाचें, आपलें रागाचें. वाक्य खोटें नाहीं. परंतु त्यावरून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, या दोन गोष्टी एका हातांत नांदूं शकत नाहींत. ही समजूत कितपत खरी, हें पाहण्यासाठीं आज मी एका लहानशा वादनप्रकाराचा आणि त्याच्या मागें उभ्या असलेल्या माणसांचा इतिहास आपणांपुढें मांडणार आहें. गिटारवर जॅझमधील एखादें स्विंग गीत एकट्यानेंच वाजवावयाचें. बारीक तारांवर चाल, जाड तारांवर तिच्या सोबतीचे स्वर, आणि दोन्ही एकाच वेळीं. या प्रकाराला वादक 'कॉर्ड-मेलडी' म्हणतात. कॉर्ड म्हणजे एकाच क्षणीं वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचा मेळ. त्यालाच मी येथें स्वरसंघ म्हणतों.

हा प्रकार फार जुना नाहीं. अमेरिकेंतील नाचाच्या वाद्यवृंदांत पूर्वीं बँजो असे, कारण गिटारचा मृदु आवाज तुताऱ्यांच्या गर्जनेंत ऐकूंच येत नसे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें आणि गिटारला वाचा फुटली. एडी लँग, कार्ल क्रेस, डिक मॅक्डोनो, जॉर्ज व्हॅन एप्स यांनीं केवळ ठेका धरणाऱ्या या वाद्याला चाल आणि साथ एकत्र वाहावयास शिकविलें. १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन हा तरुण विजेची गिटार घेऊन बेनी गुडमनच्या वृंदांत आला, आणि गिटार तुतारीच्या बरोबरीनें एकेरी सूर गाऊं लागली. तो १९४२ सालीं अवघ्या पंचविसाव्या वर्षीं वारला.

आतां प्रत्यक्ष रचना पाहूं. फॅट्स वॉलर यानें १९२९ सालीं 'हनीसकल रोझ' हें गीत रचलें. चार-चार मात्रांचे ३२ खंड, त्यांचे आठ-आठांचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एका चालीचा, तिसरा निराळा. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर स्थायी दोनदां, मग अंतरा, मग पुन्हां स्थायी. याचा मूळ स्वर पाश्चात्त्यांचा 'एफ्'. त्याला आपण षड्ज मानूं. गंमत अशी कीं, गीताचा आरंभ षड्जाच्या संघानें होत नाहीं. पहिला संघ रे, म, ध, सा या स्वरांचा. दुसरा प, नि, रे, म यांचा. हे दोन संघ आळीपाळीनें येत राहतात आणि श्रोत्याला घराच्या उंबरठ्यावर थांबवून ठेवतात.

गिटारवादकाला या आठही स्वरांची गरज पडत नाहीं. सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर रे, चौथ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सा, तिसऱ्या तारेच्या तिसऱ्याच पडद्यावर म; एवढ्या तीन स्वरांत पहिला संघ उभा राहतो. दुसऱ्या संघासाठीं काय करावें लागतें? तिसऱ्या तारेवरील मध्यम जागचा हालत नाहीं. चौथ्या तारेवरील बोट एक पडदा मागें येतें आणि षड्जाचा निषाद होतो. खालचा आधारस्वर सहाव्या तारेवरून पांचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे पंचमावर जातो. झालें! पुढें घरीं परतण्याची वेळ आली कीं मध्यम एक पडदा उतरून गंधार होतो, निषाद एक पडदा चढून षड्जाला मिळतो, आणि आधारस्वर सहाव्या तारेच्या पहिल्या पडद्यावर षड्जाशीं येऊन विसावतो. पहिल्या दोन तारा या सर्व वेळीं चालीसाठीं मोकळ्या असतात.

श्रोतेहो, निषादानें षड्जाकडे ओढ घ्यावी, मध्यमानें गंधारावर उतरावें, हें आपल्या गवयांना कोणीं नव्यानें शिकवावयास हवें काय? स्वरसंघाचा प्राणही त्याच ओढींत आहे. फरक इतकाच कीं आपला गवई ती ओढ एकामागून एक दाखवितो आणि गिटारवादक दोन स्वरांची ओढ एकाच क्षणीं दाखवितो. चालीचें स्वामित्व मात्र कायम राहतें. शिकणाऱ्यानें प्रथम चाल एकटी, मग संघ एकटे, आणि शेवटीं दोन्ही अगदीं विलंबित लयींत जोडावे लागतात. साथीच्या भारानें चाल दबली तर वादन फसलें, असेंच जाणते म्हणतात. शिवाय स्विंगमध्यें मात्रेचे दोन अर्ध सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा तोकडा. ही झुलती लय कागदावरून येत नाहीं, ती कानानेंच घ्यावी लागते.

मग ही विद्या आपल्याकडे आधीं कां रुजली नाहीं? माझ्या मतें त्याचें एक साधें कारण आपल्या भजनाच्या पेटींतच आहे. हातपेटीवर डावा हात भात्यांत गुंततो. उरलेल्या उजव्या हातानें चाल वाजते, आणि तेवढ्यानें भजनाचें काम भागतें. नाटकांतील पायपेटीवर दोन्ही हात मोकळे असत, तरीही साथ गायकाच्या मागोमाग जाण्याचीच. वाद्य परदेशांतून आलें, पण त्याच्या बरोबरची स्वरसंघाची विद्या आपण घेतली नाहीं.

ती विद्या आपल्या शेजारीं, गोमंतकांत, शतकानुशतकें शिकविली जात होती. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें जिंकलें आणि पुढें चर्चच्या जोडीला गांवोगांवीं शाळा निघाल्या. तेथें मुलांना पांच रेषांवर लिहिलेले स्वर वाचणें, समूहानें निरनिराळ्या स्वरांत गाणें आणि व्हायोलिन वाजविणें शिकवीत. धर्मप्रार्थनेसाठीं दिलेलें हें शिक्षण घरांत आणि लग्नमांडवांतही उतरलें. गोव्याचा मांडो दोन आवाजांत गातात. एक आवाज चालीचा, दुसरा तिच्याशीं ठराविक अंतर राखून जाणारा. ज्याच्या कानांवर बाळपणापासून असे दोन आवाज पडले, त्याला स्वरसंघ परका कसा वाटावा?

पोटासाठीं हे वादक मुंबईस आले. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हा आफ्रिकी वंशाचा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड १९४५ सालीं कलकत्त्यांत पटकीनें वारला. गोमंतकीय वादकांनीं या मंडळींचें संगीत कान देऊन ऐकलें आणि आत्मसात् केलें. मिकी कोरीया यांचा वृंद १९३९ पासून सुमारें दोन दशकें ताजमध्यें वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नांवानें तुतारीवादक म्हणून गाजले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतांत १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतील नाचगाण्याची रया कमी होऊं लागली. वादक चित्रपटांकडे वळले, आणि येथें त्यांची गांठ आपल्या मराठी माणसाशीं पडली. पुणतांब्यास १९१८ सालीं जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, हे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. रागदारीचें शिक्षण झालेल्या या संगीतकारानें चिक चॉकलेट यांना सहायक म्हणून जवळ केलें. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत त्यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. चाल चितळकरांची, तुताऱ्या स्विंगच्या. आणि ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्यांत कांहींच उपरें वाटलें नाहीं.

परंतु या सहकार्याची एक बाजू खेदाची आहे. संगीत-दिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. ती ऐकून स्वरलिपींत उतरविणें, तिच्याखालीं संघ बसविणें, कोणत्या वाद्यानें कोठें काय वाजवावें हें लिहून देणें, हें काम बहुधा गोमंतकीय संयोजकाचें असे. पडद्यावर मात्र दिग्दर्शकाचें नांव झळके आणि संयोजकाचें क्वचितच येई. शंकर-जयकिशन यांच्यासाठीं सेबास्टियन डिसोझा यांनीं वर्षानुवर्षें हें काम केलें. त्यांचें नांव आज किती जणांस ठाऊक आहे? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईंत भारतीय रागांना पाश्चात्त्य वाद्यवृंदांत बसविण्याचा मोठा प्रयोग केला. त्यांचें नांव देशभर झालें तें १९७७ च्या एका विनोदी चित्रपटगीतामुळें! तें गीत त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या जोडीनें संगीतबद्ध केलें होतें; पण गाणें गुणगुणणाऱ्यांपैकीं बहुतेकांना हा माणूस खरोखर होता हेंच ठाऊक नव्हतें.

गिटारवादकांतही असेंच एक नांव आहे. आमान्सियो डिसिल्व्हा १९३६ सालीं मुंबईंत गोमंतकीय कुटुंबांत जन्मले आणि १९६७ सालीं लंडनला गेले. जॅझच्या गिटारवर त्यांनीं आपल्याकडील स्वरांची वळणें आणलीं. १९६९ सालीं जमैकांत जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या समवेत त्यांनीं जी तबकडी काढली तिचें नांवच 'हम दोनों'. १९९६ सालीं ते वारले. त्यांच्या एका तबकडीला कोंकणाचें नांव आहे. तिचें मुद्रण सत्तरीच्या दशकांतलें, परंतु ती बाहेर पडली २००६ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं.

आमच्या डोंगरकड्यांत दिवसा केळीच्या बागेंत राबणारा एक तरुण संध्याकाळीं गिटार घेऊन बसतो. हातांतल्या फोनवर पाहून तो असेंच एक स्विंग गीत चार-चार खंडांनीं शिकत आहे. गांवांतले कांहीं वडीलधारे त्याला म्हणतात, "हें परक्यांचें कशाला रे?" त्यांचा राग मी समजूं शकतों, कारण भजनावर त्यांचें प्रेम आहे. परंतु व्हायोलिन आणि पेटी आपण आपल्या म्हणवितों, तर ज्या शेजाऱ्यांनीं चार शतकें स्वरसंघाची विद्या सांभाळली आणि आपल्याच गाण्यांना अंग दिलें, त्यांच्या विद्येला परकी कोणत्या तोंडानें म्हणावें? त्या मुलाला तारा आणि पडदे फोन दाखवील. चिक चॉकलेट, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, आमान्सियो डिसिल्व्हा हीं नांवें मात्र आपणच त्याला सांगावयाचीं आहेत, आणि शाळेच्या संगीत-वर्गांतही तीं सांगितलीं जावीं अशी माझी विनंती आहे.