पुस्तक आणि टाळ

आजी शिरूर-घोडनदीच्या अमेरिकन मिशनमध्ये वाढलेली, आजोबा पुण्याच्या पंचहौद मिशनातले. लग्नानंतर दोघं रांजणगावात राहिली, पण देवापुढे उभं राहायची रीत काही एक झाली नाही. आजोबांच्या पवित्र नाम देवालयात सगळं छापील प्रार्थनापुस्तकाबरहुकूम: उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, 'आमेन' कुठे म्हणायचं. आजीकडे पाळक डोळे मिटून मनातलं बोलत आणि बाया मांडी घालून ना. वा. टिळकांची भजनं म्हणत. तिचे टाळसुद्धा महागणपतीपुढे भजन करणाऱ्या शेजाऱ्यांनी दिलेले.

"छापलेली प्रार्थना ती काय प्रार्थना, अहो?" आजी विचारी.

"अगं, दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत," आजोबा म्हणत.

आजोबांच्या त्या पुस्तकाचा जन्म मोठा वादळी. इंग्लंडात 1549मध्ये आर्चबिशप क्रॅनमर यांनी लॅटिन उपासना मोडून इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणलं, तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉलची माणसं बंड करून उठली. कॉर्नवॉलच्या कित्येकांना इंग्रजी येतच नव्हतं. लॅटिन निदान कानात मुरलेली होती. हजारो मारले गेले. पुढे 1662मध्ये पुस्तकाला जे रूप आलं, ते गोऱ्या छावण्यांबरोबर आपल्याकडे पोचलं.

शिरूरलाही छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस 1809मध्ये वारला. लोक त्याला सत्पुरुष म्हणू लागले आणि सुगीचं पहिलं धान्य त्याच्या थडग्यावर नैवेद्य म्हणून ठेवू लागले. आजी हे सांगे, आणि जुन्या पुणे गॅझेटिअरमध्येही ते नोंदलेलं आहे. आजीच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला वेदीपाशी ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या यायच्या. उपासना संपली की लिलाव. ही पहिल्या घासाची ओढ कुठल्याही पुस्तकाहून जुनी आहे, असं मला मनापासून वाटतं.

29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि आजीआजोबांच्या मंडळ्या कागदोपत्री एक झाल्या. देवळात तबला आला तेव्हा आजोबा गप्प गप्प असायचे. त्यांच्या पुस्तकातलं प्रभुभोजनाचं पान अंगठ्यानं काळवंडलेलं होतं; ते पान आता कुणी उघडायला सांगत नव्हतं. ते दुःख खरं होतं. नव्याच्या आनंदात आपण जुन्या माणसांकडून किती काढून घेतो, याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

आजोबा गेले तेव्हा आजीला प्रार्थना सुचेना. तिनंच पुस्तक मागवलं. आधी छापलेले शब्द वाचले, मग टाळ वाजले.

आता एमआयडीसीच्या पाळ्या सांभाळून आम्ही काही कुटुंबं रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीत जमतो. गाण्यांचे शब्द मोबाइलवर असतात. मुलं गिटार छान वाजवतात, आणि वाजवावीच. पण टिळकांची चार भजनं आणि दफनाच्या वेळची ती प्रार्थना त्यांना तोंडपाठ हवी, यासाठी मी दर रविवारी हट्ट धरते.