काचेच्या पेटीतला तारामासा

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडमधील सुखवस्तू घरांत खाऱ्या पाण्याच्या पेट्या दिसू लागल्या.

अशा पेटीत तारामासा कोणता ठेवावा? तिथला नेहमीचा ॲस्टेरियस रुबेन्स वीतभर वाढतो व शिंपले फस्त करतो. ॲस्टेरिना गिबोसा मात्र जेमतेम ५ सेंटिमीटर. लहान पेटीला तोच सोयीचा. पण तारामाशाच्या नलिकापादांत समुद्राचेच पाणी खेळते. लहान पेटीतले पाणी आटून क्षारता झपाट्याने वाढली, की तो दगावतो. मग पुन्हा किनारा धुंडाळायचा!

संग्राहकांनी खडकांतली डबकी ओस पाडली, अशी खंत गॉस यांचेच चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली नोंदवली. म्हणून विद्यार्थ्यांना तारामासा डबक्यातच दाखवावा आणि तिथेच राहू द्यावा.